‘वळू नको’ म्हणणारा

‘वॉर थंडर’मध्ये नवखा हमखास एक चूक करतो: शत्रूच्या मागे वळत राहतो. प्रत्येक वळणात वेग घटतो आणि विमान आयतं सावज होतं. ट्युटोरिअल उडायला आणि नेम धरायला शिकवतं; कधी नाद सोडायचा, ते हेडफोनमधून जुना खेळाडूच सांगतो: “वळू नको. खाली सूर मार, माझ्याकडे ये.”

हे शहाणपण दुसऱ्या महायुद्धातलं. जपानी झिरो अमेरिकी वाइल्डकॅटपेक्षा झटकन वळायचं. 1941 मध्ये जॉन थॅच यांनी टेबलावर काड्यापेटीतल्या काड्या मांडून तोड शोधली: जोडीतल्या दोघांनी एकमेकांच्या दिशेने वळायचं. एकाच्या मागे लागलेलं विमान मग दुसऱ्याच्या नेमात येतं. 1942 मध्ये मिडवेच्या लढाईत ही युक्ती कामी आली. म्हणजे एकाने आमिष व्हायचं, दुसऱ्याच्या भरवशावर.

आमच्या सिंधुदुर्गातल्या दशावतारात हेच चालतं. तिथे संवाद लिहिलेले नसतात, उभ्या उभ्या सुचतात. नवखा अडखळला की मुरलेला नट असा प्रश्न टाकतो, की उत्तर त्यातच सापडावं. टाळी नवख्याला मिळते.

गेम इथे कमी पडतो. स्कोअरबोर्डावर किल दिसतात, असिस्टही दिसतात. पण नवख्याला न सांगता आमिष करून किल मारणारा तिथे वर असतो आणि स्वतः आमिष होऊन नवख्याला पहिला किल मिळवून देणारा खाली. गुरू शोधायचा तर यादी खालून वाचावी.