जेमसन यांची चूक आणि त्यांचा वारसा

सप्टेंबर २०२४ मध्ये फ्रेडरिक जेमसन गेले. तेव्हापासून एक प्रश्न सारखा कानावर येतो: थिअरीचे दिवस संपले का? उत्तराआधी त्यांची एक चूक पाहू. विचारवंताचं मोठेपण कधी कधी चुकीतूनच नीट कळतं.

१९८६ साली ‘सोशल टेक्स्ट’मध्ये जेमसन यांनी लिहिलं, की तिसऱ्या जगातल्या साऱ्याच साहित्यकृती राष्ट्रीय रूपककथा असतात. उदाहरणं मुख्यतः दोन: चीनचे लू शुन आणि सेनेगलचे उस्मान सेम्बेन. पुढच्याच वर्षी एजाज अहमद यांनी तिथेच उत्तर दिलं. अहमद स्वतः मार्क्सवादी, जेमसन यांना मानणारे. आक्षेप सरळ होता: उर्दू कादंबरी या साच्यात बसत नाही. मग ‘साऱ्याच’ म्हणता ते कशाच्या बळावर? इंग्रजीत आलेल्या मोजक्या अनुवादांच्या?

आता बघा, जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती. धूर आहे आणि अग्नी नाही असं एक ठिकाण सापडलं, की ती मोडते. न्यायशास्त्र त्याला व्यभिचार म्हणतं. अहमद यांनी तो दाखवला, आणि तो मूळ भाषेतलं साहित्य वाचलं होतं म्हणूनच दाखवता आला.

मग जेमसन यांचं काय उरतं? पुष्कळ उरतं. ‘द पोलिटिकल अनकॉन्शस’ (१९८१) मध्ये दोन गोष्टी आहेत. साहित्यकृती सत्तेचे हितसंबंध झाकते, ही एक. आणि त्याच कृतीत अधिक बऱ्या सामूहिक जगण्याची आसही असते, ही दुसरी. आपण पहिलीच उचलली. मग संशय ही सवय झाली. रीटा फेल्स्की यांनी २०१५ मध्ये ‘द लिमिट्स ऑफ क्रिटिक’मधून या सवयीवरच बोट ठेवलं. ते योग्यच आहे. पण उपाय शोधायला फार लांब जायला नको. जेमसन यांचा न वाचलेला अर्धा भाग आहेच की!

‘अमुक सिद्धान्ताच्या प्रकाशात तमुक कादंबरी’ अशा प्रबंधांवर मीही सह्या केल्या आहेत. कादंबरी उघडण्याआधीच निष्कर्ष ठरलेला असायचा. कादंबरीनं सिद्धान्ताला कधी अडवलं नाही, कारण आम्ही तिला बोलूच दिलं नाही.

म्हणून थिअरी संपली, असं मी म्हणणार नाही. मोठं विधान करण्याचं धाडस जेमसन यांच्याकडून घ्यावं, आणि ते मोडू शकेल असं पुस्तक शोधण्याची शिस्त अहमद यांच्याकडून. दोन्ही एकाच वाचकात आली, तर समीक्षेला भविष्य आहे.