‘गुमास्ता’ परवान्यातील गुमास्ता : महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ – एक चिकित्सा

प्रस्तावना :
दुकानाच्या नोंदणीच्या कागदास महाराष्ट्रात ‘गुमास्ता’ असे म्हटले जाते. गुमास्ता म्हणजे धन्याच्या वतीने व्यवहार पाहणारा नोकर. कागदाला नाव नोकराचे असले तरी व्यवहारात तो मालकाचा पुरावा झाला आहे. बँकेत चालू खाते उघडताना तो दाखविला जातो. हे स्थित्यंतर केवळ शब्दाचे आहे की कायद्याच्या अंतरंगाचेही आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्याचे स्वरूप :
१९४८ चा मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम ज्या क्षेत्रात लागू होता, तेथे एकच नोकर असलेल्या दुकानासही कामाचे तास व साप्ताहिक सुटी यांचे बंधन होते. १९ डिसेंबर २०१७ पासून अमलात आलेल्या नव्या अधिनियमाने १० कामगारांची सीमारेषा आखली. रेषेच्या वर दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, जादा कामास दुप्पट वेतन व ८ दिवस नैमित्तिक रजा. रेषेच्या खाली मालकाने व्यवसाय सुरू केल्याची केवळ सूचना द्यावयाची. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने ही रेषा २० पर्यंत नेण्यास व दैनिक तास १० करण्यास मंजुरी दिली.

चिकित्सा :
पनवेलजवळील करंजाडे या सिडको वसाहतीचा विचार करू. अशा वसाहतीत इमारतींच्या तळमजल्यावर किराणा, औषधे, दूध, मोबाईल दुरुस्ती अशी दुकाने असतात आणि त्यांत सामान्यतः दोन-चार माणसे राबतात. हा सारा कामगारवर्ग रेषेखाली राहतो. छोट्या व्यापाऱ्यास नोंदवह्या व निरीक्षकाचा जाच परवडत नाही, हे सवलतीचे समर्थन रास्त आहे. तथापि येथे दोन भिन्न गोष्टींची गल्लत झाली आहे. मालकाचा कागदी भार हलका करणे ही एक बाब. कामगाराचा हक्क काढून घेणे ही दुसरी. आठवड्याची एक सुटी देण्यासाठी नोंदवही लागत नाही. शिवाय मोठ्या दुकानातील कामगारास सहकाऱ्यांचा आधार तरी असतो; छोट्या दुकानातील एकटा नोकर पुष्कळदा मालकाच्याच ओळखीने आलेला असतो व त्यामुळे त्याचे तोंड बांधलेले राहते. ज्याला कायद्याची गरज सर्वाधिक, त्यालाच कायद्याने वगळले आहे.

संख्येवाचून हक्क देता येतो, हे २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने दाखविले आहे. किमान वेतन व वेतनपावती यांस तेथे १० वा २० ची अट नाही; वेतन दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारीही मालकावरच आहे. मात्र पैसे किती मिळाले हे पावती सांगेल. दुकानाचे दार रात्री किती वाजता बंद होते, हे ती सांगणार नाही.

निष्कर्ष :
नोंदणीची सवलत कायम ठेवावी. परंतु साप्ताहिक सुटी, कामाच्या तासांची मर्यादा व लेखी नेमणूक हे तीन हक्क कामगारसंख्येपासून मुक्त करावेत. तसे झाले तरच ‘गुमास्ता’ हे नाव त्या कागदाला शोभेल.