अभ्यासक्रमातून वगळलेली कादंबरी

रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी १९९१ साली प्रसिद्ध झाली व बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत गेली. २०१० साली मात्र शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेच्या मागणीवरून मुंबई विद्यापीठाने ती बी. ए. इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून काढली. तिच्या प्रतीही जाळल्या गेल्या. शिवसेना तेव्हा विरोधी पक्षात होती. तरी तत्कालीन काँग्रेसी मुख्यमंत्र्यांनीही पुस्तकाची भाषा आक्षेपार्ह ठरविली.

शिवसेना व मराठी माणसांविषयीचे कठोर उद्गार कादंबरीत आहेत, आणि ते आम्हांसही बोचतात. परंतु ते १९७१ च्या मुंबईतील धास्तावलेल्या पारशी पात्रांच्या तोंडचे आहेत. तो लेखकाचा निवाडा नव्हे. कादंबरीचे हृदय अन्यत्र आहे. गुस्ताद नोबल ह्या बँक कारकुनाच्या घराबाहेरील भिंतीपाशी लोक घाण करीत. एक रस्त्यावरचा चित्रकार तीवर सर्व धर्मांची दैवते रंगवितो, आणि तीच भिंत पूज्य होते. गुस्तादला वांद्र्याच्या मोत माउलीकडे नेणारा मित्र कॅथलिक आहे. गुस्तादचा मुलगा सोहराब आय. आय. टी. नाकारतो आणि बापलेकांत वितुष्ट येते. मुलाने काय शिकावे हे कोणी ठरवावे, हाच त्यांचा वाद.

विद्यापीठातील वादही तोच होता. आक्षेप घेण्याचा हक्क सर्वांस आहे. त्याचा विचार अभ्यास मंडळाने करावयाचा. परंतु कुलगुरू राजन वेळूकर यांनी १९९४ च्या विद्यापीठ कायद्यातील तातडीचा अधिकार वापरून पुस्तक वगळले. जे पुस्तक वर्गात आधीपासून शिकविले जात होते, त्यात एकाएकी कोणती तातडी उद्भवली? तातडी रस्त्यावरच्या दडपणाची होती, विद्येची नव्हे.

ही गोष्ट केवळ मुंबईची नाही. चुडाव्याची मुले ज्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या महाविद्यालयांत शिकतात, तेही ह्याच कायद्याने चालत होते; पुढील २०१६ च्या कायद्यातही कुलगुरूंचा तो अधिकार राहिला. मुंबईच्या विद्यार्थ्यास वगळलेले पुस्तक निदान दुकानात तरी सापडते. चुडाव्याच्या विद्यार्थ्यास मात्र अभ्यासक्रमात नसलेले पुस्तक बहुधा भेटतच नाही. म्हणूनच अभ्यासक्रमाचे रक्षण शहरापेक्षा खेड्याच्या अधिक निकडीचे आहे, असे आम्हांस वाटते.