'पोर्फिरियाज लव्हर' : वेड आणि अपराधाचे दायित्व

रॉबर्ट ब्राऊनिंगची ही नाट्यात्म स्वगतकविता 1836 मध्ये प्रसिद्ध झाली. 1842 च्या संग्रहात ती 'मॅडहाउस सेल्स' या शीर्षकाखाली आली. त्यामुळे प्रेयसीचा तिच्याच केसांनी गळा आवळणारा निवेदक वेडा, म्हणून निर्दोष, असा समज सहज होतो. परंतु भारतीय दंड संहितेच्या कलम 84 नुसार (आता भारतीय न्याय संहिता, कलम 22) केवळ मनोविकलता पुरेशी नाही. तिच्यामुळे कृत्याचे स्वरूप, किंवा ते गैर अथवा बेकायदा आहे हे, जाणण्यास कर्ता असमर्थ असावा लागतो. प्रस्तुत निवेदक हत्येचा क्रम सुसंगतपणे सांगतो, तिला वेदना झाली नसल्याची ग्वाही देतो आणि ईश्वर अद्याप मौन असल्याचे नोंदवितो. निवाड्याची ही प्रतीक्षा अपराधाची जाणीवच सूचित करते. ब्राऊनिंगने पुढे ते शीर्षक वगळले. निर्णय वाचकावर सोपविला.