शॅननचा प्रबंध वाचताना

एम.एस्सी.चे शेवटचे सत्र संपत आले की विभागात काळ्या पुठ्ठ्याच्या आणि सोनेरी अक्षरांच्या प्रबंधांचे गठ्ठे येऊन पडतात. आम्ही स्वतः एम.एस्सी.ला होतो तेव्हा प्रबंध ऐंशी पानांचा हवा असा दंडक होता. आमचे काम तीस पानांतच संपले. उरलेली पन्नास पाने आम्ही पाठ्यपुस्तकांतून उतरवून काढली. परीक्षकांनी ती पन्नास वाचली नाहीत हे नक्की. तीस वाचली की नाही, याचीही शंकाच आहे. म्हणून आता विद्यार्थी ‘चांगला प्रबंध म्हणजे कसा?’ असे विचारतात तेव्हा आम्ही त्यांच्या हाती एक जुना प्रबंध देतो. क्लॉड शॅननने तो ऑगस्ट १९३७ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला मास्टर्सच्या पदवीसाठी सादर केला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. विषय होता रिले आणि स्विच यांच्या मंडलांचे चिन्हांकित विश्लेषण.

या प्रबंधाची स्तुती पुष्कळ झाली आहे, वाचन मात्र फारसे झालेले नाही. विसाव्या शतकातला सर्वांत महत्त्वाचा मास्टर्सचा प्रबंध असे त्याला म्हणतात, आणि ‘यातून संगणक जन्मला’ असे वाक्य पुढे जोडतात. वाचायला बसले की प्रथम लक्षात येते ते हे की त्यात असे काहीच भव्य नाही. त्यात आहेत रिले. विद्युतचुंबकाने उघडमीट होणारा हा खटका तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हजारोंनी असे. शॅननने मिशिगन विद्यापीठातून १९३६ मध्ये विद्युत अभियांत्रिकी आणि गणित अशा दोन पदव्या घेतल्या होत्या. नंतर व्हॅनेव्हर बुश यांच्या डिफरन्शियल अॅनालायझर या यांत्रिक गणकावर तो संशोधन साहाय्यक म्हणून काम करू लागला. त्या यंत्राचे नियंत्रण रिलेंच्या एका गुंतागुंतीच्या मंडलाकडे होते. असे मंडल अभियंते अनुभवाने आणि अंदाजाने आखत. आखल्यावर ते बरोबर आहे का, त्यातला एखादा संपर्क फुकट तर गेला नाही ना, हे ठरवायला लेखी रीत नव्हती. शॅननचा प्रश्न त्याच्या रोजच्या कामाच्या खोलीतच पडलेला होता, एवढे आपण लक्षात ठेवू.

उत्तरासाठी लागणारे गणितही नवे नव्हते. जॉर्ज बूल यांचे तर्काचे बीजगणित १८५४ पासून ग्रंथात होते आणि शॅननने ते मिशिगनमध्ये तर्कशास्त्राच्या वर्गात शिकून घेतले होते. मंडलाच्या दोन टोकांमध्ये विजेला किती अडथळा आहे, यासाठी त्याने एक राशी धरली. मार्ग जोडलेला असेल तर अडथळा ०, तुटलेला असेल तर १. हे आजच्या पाठ्यपुस्तकांच्या नेमके उलट आहे आणि विद्यार्थी येथे हमखास अडखळतात. पण शॅननची निवड समजून घेण्याजोगी आहे. एकसर जोडणीत रोधांची बेरीज होते हे आपण नववी-दहावीत शिकवतोच. त्याच धर्तीवर त्याने एकसर जोडणीला बेरीज म्हटले आणि समांतर जोडणीला गुणाकार. मग १ + १ = १ यात काही गूढ राहत नाही: एकापुढे एक दोन ठिकाणी तार तुटली तरी मार्ग तुटलेलाच.

जिन्यातल्या दिव्याचे उदाहरण घेऊ. (हे प्रबंधातले नव्हे, आमचे आहे.) एक बटण जिन्याखाली, एक वर, कोणतेही दाबले तरी दिव्याची स्थिती बदलते. खालचे बटण वरच्या बाजूला असताना जोडला जाणारा संपर्क क, आणि ते खालच्या बाजूला असताना जोडला जाणारा क′. माडीवरच्या बटणाचे तसेच ख आणि ख′. दोन्ही बटणे एकाच बाजूला असली की दिवा लागावा. तेव्हा क आणि ख एकसर, क′ आणि ख′ एकसर, आणि या दोन वाटा एकमेकींना समांतर. म्हणजे अडथळा (क + ख)(क′ + ख′). गुणाकार करा. क आणि क′ समांतर असतील तर त्यांतला एक नेहमीच जोडलेला असतो, म्हणून क·क′ = ०; तसेच ख·ख′ = ०. उरते क·ख′ + क′·ख. हे दुसरेच मंडल झाले: दोन समांतर जोड्या एकापुढे एक. सेल, टॉर्चचा दिवा आणि पट्ट्यांचे खटके घेऊन वर्गात दोन्ही जोडून पाहा, दिवा सारखाच वागतो. कागदावर केलेल्या बीजगणिताने एक न पाहिलेले मंडल हाती दिले, आणि ते चालले!

याच हिशेबाने क(क′ + ख) म्हणजे नुसते क·ख. एक संपर्क वाचला. एका मंडलात एक ही बचत किरकोळ, पण एक्स्चेंजमध्ये तीच जोडणी हजारदा येते.

आम्हाला सर्वांत आवडते ते प्रबंधातले विजेच्या कुलपाचे उदाहरण. पाच बटणे आहेत: अ, ब, क, ड, इ. प्रथम क, मग ब, मग अ आणि क एकदम, शेवटी ड, असे दाबले तरच कुलूप उघडावे. कुठेही चूक झाली की घंटा वाजावी. वाचकाच्या ध्यानात येईल की इ हे बटण निव्वळ चकवण्यासाठी आहे. शॅनन या अटी समीकरणांत मांडतो, समीकरणे सोपी करतो आणि मंडल काढून दाखवतो. पुढे द्विमान पद्धतीने बेरीज करणारे मंडल आहे. तेही त्याच थंडपणे, जणू कुलपाचाच भाऊ. संख्यांचे अवयव आपोआप छापणाऱ्या यंत्राचा आराखडाही आहे, पण तो आम्हाला ओढूनताणून आणलेला वाटतो. १९३८ मध्ये अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात याच कामावरचा निबंध आला, त्यात ते यंत्र नाही. गाळले ते बरेच झाले. (या निबंधाला अल्फ्रेड नोबल पारितोषिक मिळाले. ते अभियंत्यांचे पारितोषिक. स्टॉकहोमचे नोबेल नव्हे. अनेक लेखांत ही गल्लत दिसते.)

आता उणिवा. कमीत कमी संपर्कांचे मंडल कोणते, हे खात्रीने सांगणारी रीत प्रबंधात नाही. शेवटी चातुर्यावरच भिस्त राहते. १९५२-५३ मध्ये क्वाइन आणि कार्नो यांनी रीती दिल्या, त्याही विशिष्ट मांडणीपुरत्याच. काळाचा विचार तर फारच तोकडा आहे. रिलेला मिटायला वेळ लागतो, आणि आधी काय घडले ते काही मंडलांना लक्षात ठेवावे लागते. कुलपातच ही गरज आहे! तेथे शॅननने स्वतःला धरून ठेवणारे रिले वापरून काम भागवले, पण त्याचा सर्वसाधारण सिद्धांत केला नाही. तो त्याच संस्थेतल्या डेव्हिड हफमनने १९५४ मध्ये मांडला.

आणि कल्पना एकट्याचीही नव्हती. चार्ल्स पर्स या तर्कशास्त्रज्ञाने १८८६ मधल्या एका पत्रात विजेच्या जोडणीने तर्काची क्रिया करता येईल असे सुचवले होते. एरनफेस्ट या भौतिकशास्त्रज्ञाने १९१० मध्ये एका ग्रंथपरीक्षणात टेलिफोनच्या मंडलांचाच उल्लेख केला. जपानमध्ये अकिरा नाकाशिमा १९३५ पासून रिले मंडलांच्या सिद्धांतावर लिहीत होते. रशियात शेस्ताकोव्ह याच वाटेवर होते, त्यांचे काम छापून आले १९४१ मध्ये. म्हणून ‘शॅननला प्रथम सुचले’ हे विधान आम्हाला मान्य नाही. सुचण्यापलीकडे जाऊन व्याख्या, नियम, सिद्धता आणि बांधून पाहता येतील अशी उदाहरणे एकाच ठिकाणी त्याने आणली, आणि तीही सत्तरेक पानांत. जे जमले नाही ते झाकायला त्याने पाने भरली नाहीत. पुढच्यांना त्यातली भोके सहज दिसली ती यामुळेच.

आमच्या एका विद्यार्थिनीने हे वाचून विचारले, ‘सर, मग हीच युक्ती दुसरीकडे का नाही चालवायची?’ शॅननने ती चालवून पाहिली होती. बुश यांच्या सूचनेवरून त्याने पीएच.डी.साठी आनुवंशशास्त्र घेतले आणि त्यासाठी एक बीजगणित रचले. तो प्रबंध १९४० मध्ये मान्य झाला. पण या शास्त्राशी त्याची ओळख नवी होती, आणि त्या क्षेत्रातले लोक ज्या प्रश्नांशी झटत होते त्यांपैकी एखादा त्याला रोज छळत नव्हता. तो प्रबंध त्याने छापायला दिलाच नाही. पदवी मिळताच तो दुसऱ्या विषयांकडे वळला. १९९३ मध्ये त्याचे निवडक लेखन ग्रंथरूपाने आले, तेव्हा कोठे तो छापील स्वरूपात वाचकांपुढे आला.