पिंपळे सौदागरचं शिवार

मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र मालेतलं पहिलं पुस्तक 1917 साली निघालं आणि त्याचा विषय होता पवनेकाठचं पिंपळे सौदागर. ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ हे त्याचं नाव. लेखक डॉ. हॅरॉल्ड मान हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पेशाने रसायनशास्त्रज्ञ. पुण्याला येण्यापूर्वी त्यांनी चहाच्या मळ्यांवर संशोधन केलं होतं. एका लहानशा खेड्याचा भूगोल आणि इतिहास इतक्या बारकाईने मांडणारं पुस्तक त्या काळात दुर्मीळच. आज तिथे कोकणे चौकात सिग्नलला गाड्यांची रांग लागते. त्या डांबराखाली काय होतं, हे मला याच पुस्तकाने सांगितलं.

मान माणसांकडे थेट जात नाहीत. आधी खडक, मग माती, पाण्याचा निचरा, झाडझाडोरा, पिकं आणि सगळ्यांत शेवटी घरं. पहिल्या वाचनात ही वाट कोरडी वाटते. तिचं मर्म कळतं ते जमिनीच्या वाटण्यांपाशी आल्यावर.

एकशे छप्पन्न खातेदार आणि त्यांच्या जमिनीचे सातशेहून अधिक तुकडे. त्यांतले 463 एकराच्या आतले, तर 112 पाव एकराहूनही लहान. पाव एकर म्हणजे दहा गुंठे. एवढ्याशा पट्टीत बैलजोडी वळवायलाही जागा पुरत नाही. शिवाय बांधाखाली जमीन जाते ती वेगळीच. शेती परवडू नये अशीच ही रचना आहे, आणि तरीही ती कुणी मूर्खपणाने केलेली नाही. माती आधी का सांगितली, ते इथे उमगतं. दख्खनच्या गावात नदीकडची जमीन खोल आणि काळी, वर माळाकडे गेलं की हातभर खाली मुरूम. मग वाटणीच्या वेळी एका भावाने काळी घ्यायची आणि दुसऱ्याने माळ, हे कुणाला मान्य होणार? प्रत्येकाला प्रत्येक प्रतीच्या जमिनीत हिस्सा हवा. भावाभावांत अन्याय होऊ नये म्हणून शेत शेत राहिलं नाही. तुकड्यांच्या त्या कोष्टकात मला पिढ्यान्‌पिढ्यांची न्यायबुद्धी दिसते. त्या न्यायानेच ती घरं गरीब होत गेली, हे फार क्लेशदायक आहे.

मग मान जुन्या कागदांकडे वळतात. 1771 साली, म्हणजे माधवराव पेशव्यांच्या काळात, सरासरी जमीनधारणा चाळीस एकरांची. 1818 मध्ये ती साडेसतरा एकरांवर आली, 1820 ते 1840 या काळात चौदावर आणि 1914-15 मध्ये सातवर. चार आकड्यांत दीडशे वर्षं! पुढे अर्थशास्त्राच्या कितीतरी पुस्तकांनी हे आकडे उचलले. मला मात्र पहिल्या आकड्यापाशी थोडं थांबावंसं वाटतं. पेशवाईतल्या नोंदीत एक नाव असलं, तरी त्यामागे चुलते-पुतण्यांचं अख्खं खटलं असू शकतं. ती उतरण आकड्यांत दिसते तितकी सरळ नसावी. तिच्या दिशेबद्दल मात्र शंका नाही. तुकडेबंदीचा कायदा आला तो 1947 साली, या पुस्तकानंतर तीस वर्षांनी.

पुस्तकाचं शिखर मला शेवटच्या हिशेबात दिसतं. गावात 103 कुटुंबं. निव्वळ जमिनीवर ज्यांचं नीट भागतं अशी फक्त आठ. बाहेरच्या मजुरीची जोड मिळाली तर तगणारी अठ्ठावीस. उरलेल्या सदुसष्ट कुटुंबांचं काहीही केलं तरी भागत नाही. मान इथे आवाज चढवत नाहीत, एखादं हळहळीचं विशेषणही जोडत नाहीत. त्या संयमाची मला ओढ वाटते. इतक्या घरांची मिळकत आणि खर्च एवढ्या चिकाटीने मांडणाऱ्या माणसाला निराळी करुणा दाखवावी लागत नाही.

एक उणीव बोचते. या पुस्तकात गाव बोलत नाही. दोनच वर्षं आधी, 1915 मध्ये, त्रिंबक नारायण अत्र्यांचा ‘गावगाडा’ आला होता. त्यात बलुतेदार, पाटील, कुलकर्णी, फिरस्ते यांची गजबज आहे. अत्र्यांकडे माणसांची बोली आहे, मानांकडे मातीची खोली. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत, असं मी आग्रहाने सांगेन.

मानांच्या हिशेबातून निघालेला निष्कर्ष सगळ्या दख्खनला लावता येईल का, हा प्रश्न मानांनाही पडला. पिंपळे सौदागर पुण्याजवळचं गाव, आणि दारूगोळ्याचा कारखाना असलेली खडकीही हाकेच्या अंतरावर. म्हणून त्यांनी ना. वि. कानिटकरांना सोबत घेऊन पुण्यापासून दूरचं, कोरडवाहू जातेगाव बुद्रुक अभ्यासाला घेतलं. ते दुसरं पुस्तक 1921 साली आलं. पिंपळे सौदागरात शंभरातली पासष्ट कुटुंबं खचलेली निघाली होती, जातेगावात पंच्याऐंशी.