तयार स्त्रीवस्त्रांची मापे आणि देहाकृतीचे वैविध्य : एक चिकित्सा

तयार कुर्ता छातीत नेमका बसतो. परंतु नितंबांवर अडतो, हा असंख्य स्त्रियांचा अनुभव आहे. दोष मात्र त्या स्वतःच्या शरीराला देतात. हा दोष वस्तुतः मापपद्धतीचा आहे, असे प्रस्तुत टिपणात प्रतिपादन करावयाचे आहे.

अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली. निष्कर्षांत केवळ गौरवर्णीय स्त्रियांचीच मापे धरली गेली, ही त्या पाहणीची उघड मर्यादा होय. तथापि तिच्यावर आधारलेल्या १९५८ च्या मानकाचा एक विशेष दुर्लक्षिला जातो. त्यात छातीच्या मापाच्या अंकाला उंचीचे अक्षर आणि नितंबांच्या घेराचे अधिक-उणे चिन्ह जोडलेले होते. आकारमान आणि आकृती या भिन्न बाबी आहेत, ही जाणीव त्यामागे होती. बाजाराने अंक तेवढा उचलला. १९८३ मध्ये ते मानकही मागे घेण्यात आले. पुढे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासात ६,००० हून अधिक स्त्रियांपैकी डमरूसारख्या आकृतीच्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के आढळल्या. कपड्यांची बेतणी मात्र बव्हंशी त्याच आकृतीला आदर्श मानून होत आली.

भारतात राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने सहा शहरांतील २५,००० व्यक्तींच्या मापनाचा 'इंडियासाइज' हा प्रकल्प हाती घेतला. आयात तक्त्यांवरील अवलंबित्व त्यामुळे कमी होऊ शकेल, हे स्वागतार्हच आहे. परंतु नवी मापेही 'स्मॉल, मीडियम, लार्ज' या एकाच उतरंडीत कोंबली, तर मूळ प्रश्न कायम राहील.

येथे आपल्या शिंपीकामाची रीत मार्गदर्शक ठरते. शिंपी छाती, कंबर, नितंब, खांदा यांची मापे स्वतंत्रपणे घेतो आणि शिलाईत माया सोडतो. विक्रेत्यांनी प्रत्येक मापात किमान दोन बेतण्या ठेवाव्यात, छाती-कंबर-नितंबांची मापे सेंटिमीटरमध्ये छापावीत, कपड्यात माया ठेवावी आणि दुकानातच दुरुस्तीची सोय करावी. यामुळे मालाचा साठा व खर्च वाढेल, हा आक्षेप खरा आहे. परंतु परत येणाऱ्या आणि न खपणाऱ्या मालाचाही खर्च असतोच. तो हिशेबात धरल्याशिवाय हा आक्षेप निर्णायक मानता येत नाही.

सारांश, शरीराने कपड्याला नव्हे, तर कपड्याने शरीराला अनुसरावे, हाच मापशास्त्राचा निकष असावयास हवा.